दोन दामांचा मजूर आणि पंधरा मोहरांची तलवार

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या लश्करातील जुन्या घरी नातवंडे जमली होती. फराळ आटोपला की ती माजघरात सतरंजी अंथरून एक खेळ मांडीत. त्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. असतात ते निरनिराळ्या पैलूंचे फासे, कागद, पेन्सिली आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगावयाची, इतरांनी त्या गोष्टीतले वीर, मांत्रिक वा चोर व्हावयाचे, आणि प्रसंग अडला की फासे टाकून त्याचा निकाल लावावयाचा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' असे त्या खेळाचे नाव. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला आणि आज जगभर तो खेळला जातो. राक्षस मारावयाचे, भुयारातले धन काढावयाचे आणि त्या धनातून पुढच्या मोहिमेची शस्त्रे खरेदी करावयाची, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो.

त्या दिवशी सूत्रधार झालेल्या नातवाने कथा आणून सोडली होती ती थेट ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर. मध्येच तो उठून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, शिंद्यांच्या शिपायाला पगार किती असायचा? आणि त्याची तलवार केवढ्याला मिळायची? पुस्तकातले भाव मला खोटे वाटतात." गेली कित्येक वर्षे आम्ही शिंदेशाहीवर स्नेहसंमेलनांतून बोलत आलो. लालसोट, पाटण, मेडता या लढायांची साले आम्हांस तोंडपाठ आहेत. परंतु या साध्या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलास द्यावयाच्या उत्तराची तयारी होय. ती करता करता आम्हांस जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

प्रथम खेळाच्या पुस्तकातील भाव पाहू. तेथे तांब्याची, चांदीची आणि सोन्याची अशी नाणी आहेत. तांब्याच्या १० नाण्यांचे एक चांदीचे, चांदीच्या १० नाण्यांचे एक सोन्याचे. २०१४ सालच्या आवृत्तीप्रमाणे बिनकसबी मजुराचा रोज चांदीची २ नाणी आणि कसबी माणसाचा सोन्याची २ नाणी. लांब तलवार सोन्याच्या १५ नाण्यांस, गाय १० नाण्यांस, बसावयाचा घोडा ७५ नाण्यांस आणि अंगभर पोलादी चिलखत १५०० नाण्यांस. एक पौंड गहू तांब्याच्या एका नाण्यास मिळतो.

या कोष्टकांची थट्टा खुद्द खेळणारेच करीत आले आहेत. २००० सालच्या आवृत्तीत दहा फुटी शिडी तांब्याच्या ५ नाण्यांस होती, तर दहा फुटी दांडा चांदीच्या २ नाण्यांस, म्हणजे तांब्याच्या २० नाण्यांस. तेव्हा शिडी विकत घ्यावी, तिच्या पायऱ्या काढून टाकाव्यात आणि उरलेले दोन दांडे विकावेत, की एका दमात आठपट पैसे! राक्षसाशी झुंजण्याची गरजच काय? विनोद सोडला तरी त्यामागील तक्रार खरी आहे. वस्तूंच्या किमती एकमेकींशी आणि माणसाच्या श्रमाशी जुळत नसतील तर ते जग कितीही अद्भुत असो, त्यावर विश्वास बसत नाही. उडणारा सर्प आपण मान्य करतो. शिडीपेक्षा महाग दांडा मात्र मान्य करीत नाही, कारण सर्प आपण कधी पाहिलेला नसतो आणि दांडा विकत घेतलेला असतो.

मग खरे भाव कोठे पाहावयाचे? त्यासाठी आम्हांस लांब जावे लागले नाही. लश्करातून झाशीच्या वाटेला लागले की काही कोसांवर आंतरी हे गाव लागते. १६०२ साली दक्षिणेतून आग्र्याकडे परतत असता अबुल फजल याच परिसरात वीरसिंह बुंदेल्याच्या हातून मारला गेला. त्याचे शिर शाहजादा सलीमकडे अलाहाबादेस गेले आणि धड आंतरीस पुरले गेले. ती कबर आजही तेथे आहे. या अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात अकबराच्या राज्यातील धान्याचे, कापडाचे, शस्त्रांचे भाव आणि सुतारापासून भिस्त्यापर्यंत सर्वांची मजुरी नोंदलेली आहे. हिंदुस्थानातील मजुरी आणि महागाई यांवर लिहिणारा कोणीही अभ्यासक, मग तो गेल्या शतकातील मोरलँड असो वा अलीकडचा रॉबर्ट अ‍ॅलन, या ग्रंथावाचून पुढे जात नाही. भावांची एवढी मोठी यादी करणारा माणूस आपल्या शेजारी निजला आहे, आणि आपण आंतरीवरून जाताना मोटारीची काचही खाली करीत नाही!

आईनमधील हिशेब दामांत आहे. दाम हे तांब्याचे नाणे आणि ४० दामांचा एक रुपया. तांब्याची टांकसाळ जेथे होती अशा शहरांच्या आईनमधील यादीत ग्वाल्हेरचेही नाव आहे. त्याआधी शेरशहाचा चांदीचा रुपयाही ग्वाल्हेरच्या टांकसाळीतून निघत असे. म्हणजे ज्या नाण्यांत हा हिशेब लिहिला गेला त्यांतली काही आपल्याच गावी पाडलेली होती.

आता काही आकडे. गहू मणाला १२ दाम, ज्वारी १०, जव ८, मीठ १६, दूध २५, तूप १०५ आणि पांढरी साखर १२८. हा अकबरी मण होय. आजच्या मापाने तो सुमारे २५ किलो भरतो. मजुरीकडे वळावे तर साध्या मजुराचा रोज २ दाम, उत्तम सुताराचा ७ दाम, भिस्त्याचा २ ते ३ दाम. हे दर शाही बांधकामाचे आहेत. खेड्यापाड्यांत काय मिळत असेल ते यावरून ठरविता येणार नाही. तरीही खेळाच्या पुस्तकाशी पडताळून पाहण्यास ते पुरेसे आहेत.

दोन दाम रोज मिळविणारा मजूर एका दिवसाच्या मजुरीत ४ किलोंहून थोडा अधिक गहू किंवा ५ किलो ज्वारी घेऊ शकत असे. तूप घ्यावयाचे म्हटले तर अर्धा किलोही येत नसे. साखर तर त्याहून कमी. या एका वाक्यात त्याचे सारे जेवण दिसते. भाकरी पोटभर, तूप सणासुदीला आणि साखर बहुधा दुसऱ्याच्या घरी. शिवाय त्याला काम रोज मिळत नव्हते आणि त्या मजुरीवर खाणारी तोंडे चार-पाच होती, हेही धरून चालले पाहिजे.

तलवारीचे पाहू. शस्त्रागाराच्या यादीत तलवारीची किंमत अर्ध्या रुपयापासून १५ मोहरांपर्यंत दिलेली आहे. अर्धा रुपया म्हणजे २० दाम, अर्थात आपल्या मजुराचे दहा दिवस. गोल मोहोर ९ रुपयांची धरली तर १५ मोहरांचे ५४०० दाम होतात, म्हणजे त्याच मजुराचे २७०० दिवस किंवा सात वर्षांहून अधिक काळ. खेळाच्या पुस्तकात तलवारीला एकच भाव आहे, आणि तो मजुराच्या ७५ दिवसांचा. तो भाव खोटा आहे असे म्हणवत नाही, कारण दहा दिवस आणि सात वर्षे यांच्या मध्ये तो कोठेतरी बसतोच. खोटे आहे ते त्याचे एकटेपण. खऱ्या बाजारात 'तलवार' या नावाची एक वस्तू नसते. गावच्या लोहाराने भात्यावर ठोकलेले पाते आणि सरदाराच्या कमरेची सोन्याच्या मुठीची समशेर या दोहोंना आपण एकच शब्द लावतो, इतकेच.

कसबी आणि बिनकसबी यांतील अंतरही लक्षात घेण्यासारखे आहे. खेळात ते दहापट आहे. आईनमध्ये उत्तमातल्या उत्तम सुताराला साध्या मजुराच्या साडेतीनपट मिळते. ज्याने दहापट लिहिले त्याने बहुधा सोयीसाठी चांदीच्या जागी सोने लिहिले असावे. परंतु त्या एका अक्षराने समाजच बदलतो. साडेतीनपटीच्या गावात सुतार आणि मजूर एकाच आळीत राहू शकतात. दहापटीच्या गावात त्यांची घरे एका आळीत असणार नाहीत.

आता सर्वांत मौजेचा हिशेब. खेळातील ५० नाण्यांचे वजन एक पौंड आहे, म्हणजे नाणे सुमारे ९ ग्रॅमचे. त्या मजुराला रोज १८ ग्रॅम चांदी मिळते. अकबराच्या मजुराला मिळणारे २ दाम म्हणजे रुपयाचा विसावा हिस्सा, आणि रुपयात चांदी साधारण साडेअकरा ग्रॅम, तेव्हा त्याची मजुरी अर्ध्या ग्रॅमहून थोडी अधिक चांदी होते. हे अंतर तीसपटीचे आहे! ते चिलखत तर साडेतेरा किलो सोन्याला पडते. हे वाचले की पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. पण तोच हिशेब धान्यात करून पाहावा. खेळातील मजुराला दिवसाला ९ किलो गहू मिळतो आणि आईनमधील मजुराला ४ किलोंहून थोडा अधिक. तेथे अंतर दुपटीचेच उरते. चांदीत पाहिले तर वेडगळ दिसणारे जग धान्यात पाहिले की ओळखीचे वाटू लागते. त्या जगात गहू महाग झालेला नाही आणि माणूसही फारसा महाग झालेला नाही. सोन्याचांदीची मात्र माती झालेली आहे.

गायगॅक्स यांना हे ठाऊक होते. खेळाच्या १९७८ सालच्या पुस्तकात त्यांनी खुलासा केला आहे की, हे भाव सोन्याच्या शोधार्थ अलास्कात धावलेल्या लोकांच्या वस्त्यांसारखे समजावेत. तेथे खिशात सोने खुळखुळत असे आणि एक अंडे एका डॉलरला विकले जात असे. जेथे लुटीचे धन अकस्मात ओतले जाते आणि वस्तू मात्र बैलांच्या पाठीवरूनच याव्या लागतात, तेथे नाणे स्वस्त आणि वस्तू महाग होते.

हा खुलासा वाचला आणि आम्ही थबकलो. कारण तो अलास्काचा असला तरी त्यात वर्णन होते आपल्याच गावाचे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जयिनीहून राजधानी हलविली आणि किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ पुन्हा उठलाच नाही. त्याचेच शहर झाले आणि त्याचे नावही लश्कर हेच राहिले. शिंदे की छावणी, कंपू ही आपल्या मोहल्ल्यांची नावे आजही त्या तळाची साक्ष देतात. कवायती पलटणींना त्या काळी 'कंपू' म्हणत. म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या राहत आलो ते एका थिजलेल्या छावणीत. छावणीचा बाजार कसा असतो याची कल्पना आपल्या पूर्वजांना कोणा परकी पुस्तकावरून करावी लागत नव्हती. बंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन आले की बाजार भरे. वाट अडली की मोहोर हाती असूनही पीठ मिळत नसे. पानिपतावर १७६० च्या अखेरीस मराठ्यांचा तळ कोंडला गेला तेव्हा उपासमार झाली ती धान्य येण्याच्या वाटा तुटल्यामुळे. दाणा संपल्यावर खजिन्यातील नाण्याचा उपयोग तो किती!

तेव्हा नातवाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. शिंद्यांच्या शिपायाला पगार किती होता? येथे एक उत्तर निश्चितपणे देता येते. १७८४ साली महादजी शिंद्यांनी बेन्वा द बॉयनशी कवायती पलटणी उभारण्याचा करार केला. द बॉयनला स्वतःला दरमहा १००० रुपये आणि पलटणीतील दर माणसामागे ८ रुपये द्यावयाचे ठरले. द बॉयनने शिपायाचा पगार साडेपाच रुपये ठेवला आणि उरलेल्या अडीच रुपयांतून अंमलदारांचा खर्च भागविला. कंपनी सरकारच्या बंगाल पलटणीतील शिपायाला ७ रुपये मिळत. हा ७ रुपयांचा आकडा १८५७ सालीही तोच होता, आणि पुढे १८९५ साली तो ९ झाला. आईनकडे वळून पाहिले तर अकबराच्या साध्या बंदूकवाल्याचा पगार महिना ११० ते २५० दाम, म्हणजे पावणेतीन ते सव्वासहा रुपये होता. दोनशे वर्षांत रुपयांचा आकडा जवळजवळ तेथेच राहिला, परंतु मधल्या काळात धान्य बरेच महागले होते. पगाराचा आकडा तोच राहतो आणि ताटातली भाकरी लहान होते, हा अनुभव आपल्यातील पेन्शनर मंडळींस समजावून सांगण्याची गरज नाही.

तरी साडेपाच रुपयांपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. ती म्हणजे ते वेळेवर मिळत की नाही. रोजमुरा ठरविणे सोपे आणि चुकविणे कठीण. १७८७ साली लालसोटच्या रणांगणावर महादजींच्या बाजूचे बादशाही सैन्य तोफांसह शत्रूला जाऊन मिळाले. त्यांचा पगार कित्येक महिने थकलेला होता हे त्याचे मोठे कारण. पाटीलबोवांच्या आयुष्यातील हा सर्वांत कठीण प्रसंग. त्यावर आपण व्याख्याने देतो ती मुत्सद्देगिरीची आणि फितुरीची. फितुरीच्या मुळाशी न मिळालेला पगार होता, हे सांगावयाचे आपल्या जिवावर येते. महादजींनी स्वतः मात्र त्यातून धडा घेतला. पुढे द बॉयनच्या कंपूंच्या खर्चासाठी त्यांनी दुआबातील मुलूखच तोडून दिला. त्याच्या वसुलातून पगार नियमित होऊ लागला, आणि १७९० साली पाटण व मेडता येथे त्या कंपूंनी काय केले ते सर्वांस विदित आहे. आमच्या मते त्या दोन विजयांच्या श्रेयात नियमित पगाराचा वाटा तोफांच्या बरोबरीचा आहे.

दौलतरावांच्या काळी ही घडी पुन्हा विसकटली. इंग्रज वकिलाच्या रक्षक तुकडीबरोबर असलेल्या ब्राउटन या अधिकाऱ्याने १८०९ साली त्यांच्या तळावरून लिहिलेली पत्रे पुढे १८१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसणाऱ्या शिपायांचे वर्णन आहे. धरणेकरी दाराशी बसे, स्वतः अन्न घेत नसे आणि ज्याच्याकडून येणे आहे त्यालाही जेवू देत नसे. यांतले कित्येक शिपाई पुढच्याच वर्षी लश्करात स्थायिक झाले असणार. म्हणजे आपले काही मूळ पुरुष या गावी आले तेव्हा त्यांचे येणे बाकी होते.

शिलेदाराची गोष्ट आणखी नाजूक. बारगीर सरकारी पागेतला घोडा घेई, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस राही. आईनमध्येही स्वाराचा पगार घोड्याच्या जातीवर ठरलेला दिसतो. इराकी घोड्याच्या स्वारास महिना ३० रुपये, जंगली म्हणविणाऱ्या हलक्या घोड्याच्या स्वारास १२. घोडा पडला की शिलेदाराची चाकरी पडली. नातवाच्या खेळात घोडा मेला तर ७५ नाणी टाकून दुसरा घेता येतो. शिलेदाराच्या घरी त्या दिवशी चूल पेटवावयाची कशी हा प्रश्न असे. मराठी स्वार निर्वाणीच्या वेळी घोडा राखून लढतो असा दोष परकीयांनी आणि स्वकीयांनीही दिला आहे. दोष देणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या घोड्याची किंमत त्याच्या पगाराच्या महिन्यांत मोजून पाहिली असेल?

शस्त्राची किंमत आणि शिपायाचा पगार सांगितला, आता ज्या नाण्यांत तो मिळे त्यांविषयी. खेळात एक सुवर्णनाणे सर्व राज्यांत सारखे चालते. आपल्या पूर्वजांच्या कमरेच्या कशात चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, हाली असे नाना तऱ्हेचे रुपये असत आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. पुण्याहून निघालेला कारकून ग्वाल्हेरीस पोहोचेपर्यंत वाटेत कोठेही लुटला गेला नाही तरी त्याचा रुपया थोडा थोडा झिजत येई, कारण प्रत्येक सराफ त्यातला आपला वाटा ठेवून घेई. 'पगार' हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. 'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार मात्र आपला, आणि तो सराफ्यातून आला.

मग असे का व्हावे की लढायांची साले आम्हांस पाठ आणि पगाराचा आकडा मात्र ठाऊक नाही? याचे उत्तर शोधताना थोडे आत डोकवावे लागले. आपल्या घराघरांत मूळ पुरुषाची एक कथा असते. तो महादजींबरोबर आला, त्याने अमुक लढाईत पराक्रम केला, त्याला जहागीर मिळाली. आपल्या नाटकांत, कादंबऱ्यांत राजा प्रसन्न झाला की गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून जासुदाकडे फेकतो. त्या कंठ्याची किंमत जासुदाच्या किती वर्षांच्या पगाराइतकी, हे कोणी विचारीत नाही आणि त्या जासुदाने तो कोणत्या सराफाकडे मोडला हेही विचारीत नाही. हे जग नातवाच्या खेळाहून फारसे निराळे नाही. त्यातही सोन्याची माती झालेली आहे आणि शिडी दांड्याहून स्वस्त आहे. फरक एवढाच की खेळणाऱ्या मुलांना तो खेळ आहे हे ठाऊक असते.

जहागिरी मिळाल्या त्या थोड्यांना. बाकीचे आले ते रोजमुऱ्यावर, कारकुनीच्या नेमणुकीवर, भिक्षुकीच्या दक्षिणेवर. पेणजवळच्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे का आले? बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल या आशेने. ते वाटेत लुटले गेले, तरी परत जाऊन त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला म्हणून त्यांची आशा आणि त्यांचा तोटा दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहार येथे पराभव झाला आणि पुढच्या वर्षीच्या तहाने दरबारचे सैन्य ९००० पर्यंत खाली आणले गेले, तेव्हा लश्करातील किती चुली विझल्या असतील? १८५८ च्या जूनमध्ये रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे ग्वाल्हेरीत आले तेव्हा त्यांनी दरबारचा खजिना उघडून प्रथम सैनिकांचे पगार वाटले, आणि त्यापायी खजिनदार अमरचंद बांठिया सराफ्यात फासावर गेले. त्यांच्या स्मारकावरून आपण रोज जातो. शिपायांना चार महिन्यांचे पैसे मिळाले की सहा महिन्यांचे, हे त्यांतल्या प्रत्येकाने मोजून घेतले असणार. ती मोजणी आपल्या स्मरणात नाही.

ती कोठे होती, हे आम्ही सांगू शकतो, आणि ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. ती आमच्या घरी माळ्यावर होती. पत्र्याची एक पेटी, तीत लाल रुमालात बांधलेल्या मोडीतल्या चोपड्या. आमच्या आजोबांच्या आजोबांपासूनचा जमाखर्च, असे वडील म्हणत. वाटण्यांच्या वेळी माळा रिकामा करावयाचा होता. सनदेचा एक कागद तेवढा आम्ही चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला, कारण त्यावर शिक्का होता. चोपड्यांवर शिक्का नव्हता. तुरीची डाळ, तेल, धोब्याचे देणे, घोड्याचा हरभरा एवढेच त्यांत असणार म्हणून त्या रद्दीत गेल्या. वजनावर गेल्या. किती रुपये आले तेही आम्हांस आठवत नाही. ज्या चोपडीत एका मराठी कुटुंबाच्या दीडशे वर्षांची भाकरी मोजलेली होती ती आम्ही न मोजता विकली.

सनद सांगते की राजा उदार होता. जमाखर्च सांगतो की ते औदार्य घरी पोहोचेपर्यंत किती उरले. दोन्ही कागद ठेवावयास हवे होते. आंतरीच्या त्या विद्वानाला बादशहाच्या विजयांचे वर्णन करून थांबता आले असते. त्याने मजुराचे दोन दामही लिहून ठेवले, आणि आज चारशे वर्षांनंतर जगातले पंडित वाद घालतात ते त्या दोन दामांवर.

ज्यांच्या माळ्यावर अद्याप अशी पेटी असेल त्यांना आमची विनंती आहे की ती उघडावी. मोडी वाचणारे अजून आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हेच काम करणाऱ्या संस्था आहेत. चोपडीत काय निघेल ते आधीच ठरवू नये. तूप कोणत्या महिन्यांत लिहिले आहे आणि कोणत्या महिन्यांत नाही, एवढे जरी कळले तरी त्या घराची बरी-वाईट वर्षे कळतील. वाचणारा मिळेपर्यंत निदान वाळवीपासून तरी ती राखावी.

असो. ही सारी माहिती जमवून आम्ही नातवाला दिली तेव्हा सुटी संपत आली होती. त्याने आपल्या वहीत पुस्तकातले कोष्टक खोडून नवे मांडले. तलवारीला एक भाव न ठेवता चार ठेवले. मजुरी गव्हात लिहिली. शिपायाचा पगार साडेपाच रुपये लिहून पुढे कंसात 'तीन महिने थकलेला' असे घातले. शेवटच्या रात्री पुन्हा खेळ मांडला गेला. बराच वेळ झाला तरी फाशांचा आवाज येईना म्हणून आम्ही डोकावून पाहिले. राक्षस बाजूलाच राहिला होता आणि चारही वीर किल्लेदाराच्या दारात धरणे धरून बसले होते.